टपावर मावणारी होडी

शर्यतीच्या छोट्या शिडाच्या होड्यांबद्दल जे छापून येतं, ते सगळं पाण्यावरचं असतं. वारा कुठून फिरला, शेवटच्या वळणावर कोण पुढे गेलं, पदक कोणाच्या गळ्यात पडलं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतलं नेहा ठाकूरचं रौप्य आणि विष्णू सरवणनचं कांस्य तुम्हाला ठाऊकच आहे. मला सांगायचंय ते काठावरचं. ट्रेलरवरून होड्या उतरतात, डोलकाठ्या उभ्या राहतात आणि वारा पडला की जुनी मंडळी सावलीत बसून चवीने गोष्टी सांगतात, तिथलं. त्या गोष्टी ऐकता ऐकता एक उलगडा होतो: या होड्यांची मापं समुद्राने ठरवलेलीच नाहीत. ती ठरवली प्लायवूडच्या तक्त्याने, गॅरेजच्या जागेने, मोटारीच्या टपाने आणि पगारदार माणसाच्या खिशाने. नांदेड-लातूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. म्हणूनच या गोष्टी आपल्या कामाच्या.

सुरुवात सगळ्यांत लहान होडीपासून, ऑप्टिमिस्टपासून करू. साल १९४७, अमेरिकेतल्या फ्लोरिडातलं क्लिअरवॉटर गाव. मुलांनी घरी बनवलेल्या लाकडी गाड्या उतारावरून सोडायच्या शर्यती तेव्हा अमेरिकेत फार जोरात होत्या. क्लिफर्ड मॅके या गृहस्थांनी गावच्या ऑप्टिमिस्ट क्लबापुढे म्हणणं मांडलं: गाडीऐवजी होडी का नको? क्लार्क मिल्स नावाच्या होडी बांधणाऱ्याकडे काम आलं आणि सोबत अट आली, खर्च ५० डॉलरच्या आत बसवायचा. बाजारात प्लायवूडचा तक्ता मिळायचा आठ फुटी. टोकदार नाक काढायचं तर तक्ता पुरेना. मिल्सने नाकच कापून टाकलं आणि होडीचं तोंड सपाट ठेवलं. दिसायला ती पेटीच झाली. १९५४ मध्ये अ‍ॅक्सेल डॅमगार्ड या डॅनिश माणसाने ती युरोपात नेली आणि तिथून ती जगभर पसरली. ऑलिम्पिकमध्ये सुकाणू धरणाऱ्या खेळाडूंना विचारा, त्यांच्यातले बहुतेक जण लहानपणी याच नाक कापलेल्या पेटीत बसून वारा ओळखायला शिकलेले असतात. आणि एवढी पिढ्यान्‌पिढ्या चाललेली होडी काढणाऱ्या मिल्सने आराखडा क्लबाला फुकट देऊन टाकला होता.

दुसरी गोष्ट वर्तमानपत्राची. भारतातल्या जुन्या सेलिंग क्लबांत एंटरप्राइझ ही होडी माहीत नसलेला माणूस सापडणार नाही. दोन माणसांची, जेमतेम चार मीटर लांब, फिकट निळ्या शिडांची. ती काढली जॅक होल्ट या इंग्रजाने, आणि पैसा लावला लंडनच्या ‘न्यूज क्रॉनिकल’ या दैनिकाने. होडीची जाहिरात करायची तर काय करावं? जानेवारी १९५६ मध्ये, ऐन थंडीत, रात्रीच्या अंधारात दोन नमुना होड्या इंग्लिश खाडीत घातल्या आणि पलीकडे फ्रान्सला नेल्या. एवढ्याशा होड्या, समोरून जाणारी मालवाहू जहाजं आणि हाडं गोठवणारं पाणी. एखादी जरी उलटली असती तरी दुसऱ्या दिवशी मथळा वेगळाच झाला असता. दोन्ही सुखरूप पोचल्या आणि मागणी सुरू झाली. होडी बुडेल की तरेल याची सगळ्यांना धास्ती होती; बुडालं ते वर्तमानपत्र. ‘न्यूज क्रॉनिकल’ १९६० मध्ये बंद पडलं. त्याच्या पैशातून निघालेली एंटरप्राइझ अजून शर्यतीत आहे.

वर्तमानपत्रांची चढाओढ तिथे थांबली नाही. आता होडी काढायची पाळी ‘डेली मिरर’ची. या दैनिकाचा वाचक कामगार आणि कारकून, त्यामुळे होडी घरात बांधता आली पाहिजे ही पहिली अट. टीव्हीवर घरगुती सुतारकाम शिकवणारे बॅरी बकनेल तेव्हा घराघरांत पोचलेले होते. पहिला आराखडा त्यांनी केला आणि तो शर्यतीच्या लायकीचा करून घ्यायला बोलावलं पुन्हा जॅक होल्टलाच. दोघांनी मिळून जे केलं, त्याने होडीबांधणीचा धंदाच बदलला. सांगाडा नाही, फासळ्या नाहीत. प्लायवूडचे कापलेले तुकडे कडेला कडा लावून तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांध्यांवर फायबरची पट्टी रेझिनने चिकटवायची. ज्याला सुई-दोरा कळतो त्याला ही होडी बांधता येते. १९६३ मध्ये सगळा संच ६३ पौंड ११ शिलिंगांना मिळायचा. डोलकाठीसकट सगळे दांडे होडीच्या लांबीतच मावतील अशी सोय केली, कारण होडी जाणार होती मोटारीच्या टपावरून. शिडं लाल, कारण दैनिकाचा रंग लाल. उंची क्लबांतल्या मंडळींनी या होडीकडे पाहून नाकं मुरडली असतील, पण मिरर होड्यांची संख्या पुढे ७० हजारांच्या घरात गेली. एका दैनिकाच्या खपासाठी काढलेली होडी शिडाच्या खेळाला थेट कामगार वस्तीत घेऊन गेली.

आता या सगळ्यांची राणी, लेझर. तिची गोष्ट एका फोनपासून सुरू होते. ऑक्टोबर १९६९. माँट्रियलचा औद्योगिक डिझायनर इयन ब्रूस याच्याकडे कॅनडाच्या हडसन्स बे कंपनीचं काम आलं होतं. १६७० साली सुरू झालेली ही कंपनी एके काळी कातड्यांचा व्यापार करायची. आता तिला तंबू आणि घडीच्या खाटांसारखं सहलीचं सामान विकायचं होतं, आणि त्यात मोटारीच्या टपावर बांधून नेता येईल अशी एक होडी हवी होती. ब्रूसने मित्राला, ब्रूस कर्बीला, फोन लावला. कर्बी पेशाने पत्रकार आणि सेलिंगच्या मासिकाचा संपादक. होड्यांचं डिझाइन तो पुस्तक वाचून आणि स्वतः शर्यती लढून शिकलेला. फोनवर बोलता बोलता त्याने पिवळ्या रेघी कागदावर एक होडी रेखाटली. मागणी होती सहलीच्या होडीची. कर्बीच्या हाताला शर्यतीची सवय; त्याने तिला जरा जास्तच चपळ काढलं. काही दिवसांनी कंपनीने कळवलं की होडी नको. तंबू आणि खाटा कंपनीकडे राहिल्या आणि जगातली सगळ्यांत गाजलेली शर्यतीची होडी नकार घेऊन कागदातच पडून राहिली.

वर्षभराने, ऑक्टोबर १९७० मध्ये, कर्बीच्याच मासिकाने एक गमतीची स्पर्धा ठेवली. एक हजार डॉलरच्या आतल्या होड्यांसाठी असल्याने नाव दिलं ‘अमेरिकाज टीकप’, म्हणजे अब्जाधीशांच्या अमेरिका कपाचा चहाचा कप. जागा विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाचा प्लेबॉय क्लब. समुद्र नाही, तळंच. ब्रूसने पडून राहिलेल्या आराखड्यावरून होडी बनवून आणली. शीड शिवलं होतं हान्स फोगने. हा डॅनिश माणूस १९६० च्या रोम ऑलिम्पिकचा रौप्यविजेता आणि पोटापाण्याला शिडं शिवणारा. पहिल्या दिवशी शीड डोलकाठीवर नीट बसेना आणि होडी मनासारखी पळेना. दुसऱ्या कोणी नशिबाला बोल लावला असता. फोगने शीड उतरवलं आणि रातोरात त्याची काटछाट केली. दुसऱ्या दिवशी तीच होडी, तोच खलाशी, पण बाकीचे मागे. लेझरचा पहिला विजय कागदावरच्या रेघांइतकाच त्या रात्रीच्या कात्रीचा आहे.

त्या दिवशी तिच्या शिडावर ‘लेझर’ हे नावच नव्हतं. तिचं नाव होतं ‘वीकएंडर’ आणि शिडावर अक्षरं होती टी-जी-आय-एफ, म्हणजे ‘देवाची कृपा, शुक्रवार आला!’ आठवडाभर राबलेल्या नोकरदाराचा हा उद्गार. पुढे एका पार्टीत मॅकगिल विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने सुचवलं, तरुणांना भिडेल असं विज्ञानातलं काहीतरी नाव ठेवा, लेझर ठेवा. नाव ठरलं. चिन्ह म्हणून लेझर यंत्रांवर धोक्याची सूचना द्यायला जो किरणांचा सूर्य छापतात, तोच शिडावर आला. १९७१ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये होडी मांडली, किंमत ६९५ डॉलर. प्रदर्शन संपेपर्यंत १४४ होड्यांची मागणी नोंदली गेली. ‘सावधान, डोळे सांभाळा’ असं सांगणाऱ्या चिन्हावर लोकांनी रांग लावली.

लेझर जवळून पाहिली की तिच्यातली जमिनीची अक्कल दिसते. डोलकाठी मूळची अ‍ॅल्युमिनियमची आणि दोन तुकड्यांत, म्हणजे टपाबाहेर लटकत नाही. शीड दोरीने वर चढवायचं नाही, मोज्यासारखं डोलकाठीवर चढवायचं. लांबी ४.२३ मीटर, पण नुसत्या सांगाड्याचं वजन ५९ किलो, दोघांनी उचललं की टपावर. आत पोकळी असते, आणि होडी उलटली तरी बुडू नये म्हणून त्या पोकळीत प्लास्टिकच्या पिशव्या हवा भरून कोंबलेल्या असतात. या पिशव्या मुळात द्रवपदार्थ भरून पाठवण्यासाठी बनलेल्या. आणि मागच्या बाजूला पाणी काढायचं एक छोटं भोक, त्याला बूच. काठावरची सगळ्यांत जुनी फजिती याच बुचाची. खेळाडूने महिनोन्‌महिने तयारी केलेली असते, वारा अगदी हवा तसा असतो आणि बूच राहिलेलं असतं ट्रेलरवर. होडी जड का झाली हे त्याला कळतं, तोवर पहिली फेरी गेलेली असते. अनुभवी माणूस शर्यतीआधी आकाशाकडे नंतर बघतो, बुचाकडे आधी.

कारखान्यातली गंमत वेगळी. आपल्याकडच्या फायबरच्या कूलरची बॉडी जशी साच्यातून निघते, तशीच ही होडी निघते: आधी बाहेरचा चकचकीत थर, मग आतून काचतंतूंची मॅट आणि रेझिन, म्हणजे रंग आधी आणि ताकद नंतर. ज्याने हे काम केलंय त्याला माहीत आहे की हार्डनर थोडा जास्त पडला किंवा दुपारचं ऊन चढलं, तर मगमधल्या मगमध्येच रेझिन तापतं, धूर सोडतं आणि दगड होऊन बसतं. ब्रश त्यातच. वरचा भाग आणि खालचा भाग वेगवेगळ्या साच्यांत घडवून कडेला चिकटवतात. आता हुशार कारागिराच्या मनात येणारच: इथे मॅटचा एक थर कमी केला तर होडी दोन किलो हलकी होईल, तिथे थोडी जास्त ताठ होईल. लेझरच्या जगात हीच हुशारी गुन्हा आहे. परवाना मिळालेल्याच कारखान्यांनी, ठरलेल्याच पुस्तकाप्रमाणे, तंतोतंत सारखी होडी काढायची. दोन लाखांहून अधिक होड्या निघाल्या त्या याच शिस्तीवर. स्पर्धा माणसांत व्हावी, होड्यांत नाही, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे या धंद्यात उत्तम कारागीर तोच, जो वर्षानुवर्षं काहीही सुधारणा करत नाही.

नकाराने घडवलेली आणखी एक होडी आहे, जे/२४. ही मोठी, चोवीस फुटी, पण तीही ट्रेलरवर चढते. रॉड जॉनस्टन हा अमेरिकेतल्या कनेटिकटचा माणूस नौकानयनाच्या नियतकालिकासाठी जाहिराती गोळा करायचा. घरच्या गॅरेजात मावेल एवढी होडी त्याने स्वतःच्या हाताने बांधली, तिला ‘रॅगटाइम’ नाव दिलं आणि १९७६ च्या मोसमात घरच्यांनाच खलाशी म्हणून घेऊन शर्यतींमागून शर्यती मारल्या. त्याचा भाऊ बॉब तेव्हा एएमएफ या बड्या कंपनीत होड्यांच्या विक्रीचं काम बघायचा. त्याने साहेबांना सांगून पाहिलं की अशी होडी आपण काढू. साहेबांना पटेना. बॉबने नोकरी सोडली आणि १९७७ मध्ये भावाबरोबर स्वतःची कंपनी काढली. पुढे जे/२४ पाच हजारांच्या वर गेल्या आणि मुंबईतही तिच्या शर्यती होऊ लागल्या. विक्रेत्याचं ऐकलं नाही म्हणून कंपनीने होडीही गमावली आणि विक्रेताही.

आता आपल्या मुंबईची गोष्ट. १९८२ चं एशियाड दिल्लीचं, पण दिल्लीत समुद्र कुठला? शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या. फायरबॉल या सपाट नाकाच्या, प्लायवूडच्याच जमान्यात जन्मलेल्या होडीत फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्ण दिलं. हे सगळ्यांच्या लक्षात आहे. काठावरची मंडळी मात्र त्याच पाण्यातलं दुसरं सुवर्ण आवर्जून सांगतात. एंटरप्राइझ गटात, म्हणजे त्या बुडालेल्या वर्तमानपत्राच्या होडीत, पाकिस्तानने बाजी मारली. होडीत होते कराचीचे हॉटेलमालक बेहराम आवारी आणि त्यांच्या पत्नी गोशपी. नवरा-बायको एका होडीत, तेही सुवर्णासाठी! एशियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या पाकिस्तानी महिला. आणि मजा अशी की दोन्ही विजेत्या होड्यांतली चारही माणसं पारशी. मुंबईच्या पाण्यात झेंडे दोन फडकले, पण घरी आनंदाने जे शिजलं असेल ते एकाच चवीचं.

लेझरच्या घरात पुढे भांडणं लागली. आराखड्याचे हक्क कोणाचे, मानधन कोणी कोणाला द्यायचं, नावाचा मालक कोण, यावरून खटले झाले. डिझायनर एकीकडे, होडी बनवणारी कंपनी दुसरीकडे, खेळाडूंची संघटना मध्ये. एका टप्प्यावर कर्बीने स्वतःच्याच होडीला ‘टॉर्च’ असं नवं नाव देऊन पाहिलं. शेवटी २०१९ मध्ये संघटनेने ‘लेझर’ हे नाव सोडलं आणि होडीला आपलंच नाव लावलं: इल्का. शिडाच्या आकाराप्रमाणे इल्का-४, इल्का-६, इल्का-७. नेहा ठाकूरचं रौप्य इल्का-४ मधलं, ते यामुळे. जुलै २०२१ मध्ये ९२ व्या वर्षी कर्बी गेला, तेव्हा टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला आठवडाही उरला नव्हता. त्याच ऑलिम्पिकमध्ये नेत्रा कुमानन आणि विष्णू सरवणन कर्बीच्या होडीतून भारतासाठी उतरले. होडीचं नाव कोर्टकचेऱ्यांत गेलं, फोनवर बोलताना काढलेली रेघ मात्र तीच राहिली.

आता आपल्या दाराशी येऊ. नांदेड किंवा लातूरहून हैदराबाद अडीच-तीनशे किलोमीटर, एका रात्रीचा प्रवास. तिथल्या हुसेनसागरावर सैन्याच्या ईएमई सेलिंग असोसिएशनच्या पुढाकाराने जुलैत हैदराबाद सेलिंग वीक भरतो. जुलै का? कारण नैर्ऋत्य मोसमी वारा तेव्हा दख्खनच्या पठारावरून अंगावर येतो. मुंबईचा समुद्र त्या काळात छोट्या होड्यांसाठी बंदच असतो. म्हणजे समुद्राकाठची होडी वाऱ्यासाठी ट्रेलरवर चढते आणि पठारावर येते! भोपाळचंही तसंच. नेहा ठाकूर देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी. राजा भोजाच्या काळापासूनचा बडा तालाब आणि त्यावरची राष्ट्रीय सेलिंग स्कूल, एवढ्यावर ती आशियाई पदकापर्यंत पोचली. ज्या राज्याला समुद्रकिनाराच नाही, त्या राज्यातल्या शाळेने पदक काढलं.

आपल्याकडे काय आहे? नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरीचा शंकरसागर आहे. वर पैठणला नाथसागर आहे. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आहे, आणि त्याची दुसरी बाजूही आपण भोगली आहे: २०१६ मध्ये मांजरा आटलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून आलेल्या पहिल्या रेल्वेने लातूरला पाच लाख लिटर पाणी उतरवलं. पिण्याच्या पाण्याला मोताद झालेल्या गावात होड्यांच्या शर्यतीची भाषा कोणाला रुचेल? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. पण शीड पाणी पीत नाही, डिझेल पीत नाही, धरणातला थेंबही कमी करत नाही. आणि ट्रेलरवरच्या होडीला एका धरणाशी लग्न लावावं लागत नाही. यंदा मांजरा कोरडं असेल तर ती विष्णुपुरीला जाईल, तिथेही तळ दिसला तर पैठणला. दुष्काळी मुलखाला परवडणारी होडी कोणती असेल, तर ती हीच.

वारा पठाराचाच आहे. फायबरचं काम करणारे हात इथे आहेत. उन्हात पाठ भाजत पोहायला शिकलेली मुलं गोदावरीच्या काठी गावोगाव आहेत. लागतं ते काठावर: ट्रेलर पाण्यापर्यंत नेणारा काँक्रीटचा एक उतार, लाइफ जॅकेटांचा एक खण, मदतीला एक इंजिनाची बोट आणि पाटबंधारे खात्याची परवानगी. मिल्सला तक्ता पुरला नाही, ब्रूसला कंपनीने परत पाठवलं, बॉब जॉनस्टनला साहेबांनी उडवून लावलं. या होड्या कधी पाण्यावर अडल्याच नाहीत, अडल्या त्या जमिनीवर, आणि कोणीतरी हट्टाने तिथेच मार्ग काढला. मराठवाड्यातला पहिला हट्टी माणूस ज्या दिवशी त्या परवानगीच्या फायलीमागे लागेल, त्या दिवशी आपली पहिली शर्यत सुरू झाली असं मी धरीन.